सहा जागांचा हिशेब : ‘रनअवेज’मधील घर, प्रेम आणि फितुरी

सूचना : या धाग्यात ‘रनअवेज’च्या पहिल्या पर्वाचा शेवट आणि पुढील पर्वांतील काही महत्त्वाच्या घटना उघड केल्या आहेत. ज्यांना ही मालिका अजून वाचायची आहे, त्यांनी ती आधी वाचावी आणि मग इकडे यावे.

मार्व्हलची ‘रनअवेज’ ही कॉमिक मालिका २००३ साली सुरू झाली. ब्रायन के. वॉन लेखक आणि एड्रियन अल्फोना चित्रकार असलेले तिचे पहिले पर्व अठरा अंकांत पूर्ण होते. नुकतेच मी ते तिसऱ्यांदा वाचले आणि या वेळी अ‍ॅलेक्स वाइल्डरविषयीचे माझे जुने मत टिकले नाही. त्याला गद्दार म्हणून हातावेगळे करणे आता मला जमत नाही. त्याविषयी सविस्तर लिहावे आणि जाणकारांची मते ऐकावीत, यासाठी हा धागा काढत आहे.

ज्यांनी मालिका फार पूर्वी वाचली असेल, त्यांच्यासाठी कथेचा गाभा थोडक्यात सांगतो. लॉस एंजेलिसमधील सहा कुटुंबे वर्षातून एकदा एकत्र जमतात. कारण सांगितले जाते समाजकार्याचे. त्या रात्री त्यांची सहा मुले चोरवाटेने डोकावतात, आणि आपले आई-वडील एका मुलीचा बळी देताना त्यांच्यातल्या मोठ्यांच्या डोळ्यांना दिसतात. हे बारा जण म्हणजे ‘प्राइड’ नावाची गुप्त टोळी, आणि गिबोरिम या प्राचीन महाकाय शक्तींची ती चाकरी करते. गिबोरिमना माणसांचे जग संपवायचे आहे. नव्या जगात बारापैकी फक्त सहा जणांना अमरत्व मिळेल, असा त्यांचा शब्द आहे. पुढे एका जोडप्याला मूल होणार असल्याचे कळते, तेव्हा साऱ्यांमध्ये असे ठरते की प्रत्येक जोडप्याने एकच मूल जन्माला घालायचे आणि त्या सहा जागा सहा मुलांना द्यायच्या.

हा तपशील मी पहिल्या दोन वाचनांत नीट पाहिलाच नव्हता. ही माणसे खुनी आहेत, आणि तरीही स्वतःच्या वाट्याचे अमरत्व त्यांनी पोटच्या मुलांच्या नावे केले आहे. मुले घर सोडून पळतात ती आई-वडिलांचे आपल्यावर प्रेम नाही म्हणून नव्हे. त्यांच्यावरच्या प्रेमाची किंमत दरवर्षी कुणातरी परक्याच्या जिवाने चुकती होते, आणि हे कळल्यावर त्या घरात राहणे त्यांना शक्य होत नाही. दुष्ट आई-वडिलांविरुद्ध बंड करणे कथेत सोपे असते. माया करणाऱ्या दुष्ट आई-वडिलांविरुद्ध बंड करताना स्वतःच्याच काळजाचा एक तुकडा कापून टाकावा लागतो, आणि वॉन यांनी ही दुसरी, अवघड वाट निवडली आहे.

म्हणूनच या मुलांचे प्रत्येक हत्यार घरचेच आहे. चेस स्टाइन वडिलांनी बनवलेले हातमोजे उचलून आणतो. गर्ट यॉर्क्सच्या मनाशी जोडलेला डायनोसॉर तिच्या आई-वडिलांनीच तिच्यासाठी तयार करवून घेतलेला आहे. निको मिनोरूची आई लढाईत जादूचा दंड मुलीवर चालवते आणि तो दंड निकोच्या छातीतच सामावून जातो. त्यानंतर निकोचे रक्त वाहिल्याखेरीज तो बाहेर येत नाही आणि एक मंत्र एकदाच लागू पडतो. कॅरोलिना डीनची गोष्ट तर मला फारच लागली. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याची सूचना देणारे म्हणून तिच्या मनगटावर लहानपणापासून एक कडे आहे. ती ते कडे काढते आणि तिच्या सर्वांगातून रंगीत प्रकाश उसळतो. अ‍ॅलर्जी कधी नव्हतीच. ती परग्रहवासीयांची मुलगी आहे आणि ते कडे तिची शक्ती दाबून ठेवण्यासाठी होते. काळजीच्या रूपाने मनगटावर बांधलेले खोटे उघडे पडण्याची ही चौकट अल्फोना यांनी अशी काढली आहे की भीती आणि आनंद एकाच चेहऱ्यावर दिसतात.

आता अ‍ॅलेक्सकडे येतो. त्या रात्रीपासून हाच मुलगा चमूचा मेंदू असतो, कारण इतरांसारखी त्याच्याजवळ शक्ती नाही आणि जादूही नाही. निको आणि तो सुरुवातीलाच जवळ येतात. आपल्यात कुणीतरी फितूर आहे, ही शंका वाचकाला बराच काळ कुरतडत राहते, आणि सतराव्या अंकात तो फितूर अ‍ॅलेक्सच असल्याचे उघड होते. त्याला सारे आधीपासून माहीत होते. त्याहून पुढचेही माहीत होते : डीन आणि हेज ही दोन कुटुंबे, एक परग्रहवासीयांचे आणि दुसरे म्युटंटांचे म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती असलेल्या माणसांचे, बाकीच्या चारही जोडप्यांचा काटा काढणार होती. दोन कुटुंबांत प्रत्येकी तिघे, म्हणजे सहा जागा भरल्या. अ‍ॅलेक्सने हा डाव उलटवण्यासाठी स्वतःचा डाव मांडला. वाइल्डर कुटुंबाचे तिघे आणि मिनोरू कुटुंबाचे तिघे, म्हणजे पुन्हा सहा. तो निकोला सांगतो की तुझे आई-वडील वाचतील, माझे वाचतील आणि आपण दोघे एकत्र राहू.

माझे म्हणणे असे आहे की अ‍ॅलेक्सच्या फितुरीत निष्ठेचा अभाव नाही, उलट ती काठोकाठ भरलेली आहे. त्याने आई-वडिलांना अंतर दिले नाही, प्रेयसीलाही दिले नाही. चूक झाली ती माणसे मोजण्यात. सहाचा आकडा त्याने जगाचा नियम म्हणून मुकाट्याने स्वीकारला आणि मग त्या सहांत आपली माणसे कशी बसतील एवढेच पाहिले. चेस, गर्ट, कॅरोलिना आणि अकरा वर्षांची मॉली हेज, ज्यांच्याबरोबर तो उपाशी राहिला आणि ज्यांच्या शेजारी झोपला, ती त्याच्या हिशेबात बाकीतही उरली नाहीत. बळी पडणाऱ्या मुलींकडे त्याच्या आई-वडिलांनी ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने त्याने मित्रांकडे पाहिले. घरातून हत्यार न मिळालेल्या या एकट्या मुलाला घरची नजर मात्र वारशाने मिळाली होती.

निको नकार देते. डाव फसतो, गिबोरिम संतापतात, आणि त्या क्षणी अ‍ॅलेक्स आई-वडिलांना पुढे न करता दोष स्वतःकडे घेतो आणि जळून राख होतो. ज्याला आपण गद्दार म्हणतो, त्याचे शेवटचे कृत्य आई-वडिलांच्या आड उभे राहण्याचे आहे. हे वाचून तुम्हाला त्याच्याविषयी काय वाटले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

लेख आवडला, परंतु अ‍ॅलेक्सच्या प्रेमाविषयी आपण फार उदार झाला आहात असे मला वाटते. निकोवर त्याचे प्रेम होते हे मान्य केले, तरी तिच्या वतीने त्याने सगळे परस्पर ठरवून टाकले होते. तिच्या आई-वडिलांचा जीव, तिचे मित्र, तिचे उरलेले आयुष्य आणि शेवटी सगळे जग यांचा फैसला त्याने तिला एका शब्दानेही न विचारता केला, आणि मग तिच्यापुढे तो भेट म्हणून ठेवला. कॅरोलिनाच्या मनगटावरच्या कड्याविषयी आपण जे लिहिले आहे, तेच निकोच्या बाबतीत लागू पडते. डीन दांपत्याने मुलीच्या भल्यासाठी म्हणून तिला खोट्यात ठेवले आणि अ‍ॅलेक्सनेही निकोला तिच्या भल्यासाठी म्हणूनच खोट्यात ठेवले.

म्हणून त्या अंकातला माझा नायक अ‍ॅलेक्स नाही, निको आहे. तिच्यापुढे ठेवलेला प्रस्ताव मोहात पाडणारा आहे, हे विसरून चालणार नाही. आई-वडील जिवंत राहतील, ज्याच्यावर जीव जडला तो बरोबर असेल, आणि मृत्यूचे भय कायमचे संपेल. एका बाजूला घर आणि प्रेम दोन्ही आहेत, तर दुसऱ्या बाजूला काही आठवड्यांच्या सहवासातली चार मुले. एरवी अशा कथांमध्ये घर एकीकडे ओढते आणि प्रेम दुसरीकडे. इथे दोन्ही ओढी एकाच दिशेच्या आहेत आणि तरीही ती मुलगी विरुद्ध दिशेला पाऊल टाकते. हा नकार देताना तिला काही मिळवायचे नव्हते. तिला फक्त त्या सहा जणांत बसायचे नव्हते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. पहिल्या पर्वात मध्येच चमूत येणाऱ्या टोफर या मुलाचे प्रकरणही या संदर्भात पुन्हा वाचावे. तो पिशाच्च निघतो हे नंतर कळते, पण त्याआधी तो निकोचे चुंबन घेतो. अ‍ॅलेक्सची कथा ठाऊक झाल्यावर तो भाग पुन्हा वाचला की पूर्वी साधा मत्सर वाटलेली त्याची अस्वस्थता वेगळी दिसू लागते, कारण त्याच्या सगळ्या डावाचा अर्धा भार निकोच्या मनावर उभा होता आणि ते मन त्याच्या हातात नव्हते.

प्रतिसाद ३

धाग्यात चेसचा उल्लेख केवळ हातमोज्यांपुरता आला, याचे वाईट वाटले. माया करणाऱ्या दुष्ट आई-वडिलांची मांडणी चेसच्या घराला लागू पडत नाही. त्याचे वडील त्याच्यावर हात उगारत. सहापैकी या एका मुलाला घरातून पळण्यासाठी बळी दिलेला पाहण्याचीही गरज नव्हती, आणि त्यामुळे निष्ठा म्हणजे काय हे तो घरात शिकलेलाच नाही. ते तो गर्टकडून शिकतो.

ती त्याच्याहून हुशार आहे, तिखट बोलते, त्याच्या अज्ञानावर बोट ठेवते, आणि तरीही आपण कुणाच्या तरी दृष्टीने मोलाचे आहोत हे त्याला पहिल्यांदा तिच्यामुळेच कळते. म्हणूनच दुसऱ्या पर्वाच्या अठराव्या अंकातला तिचा मृत्यू मला आजही सहन होत नाही. मरताना ती डायनोसॉरचे बंधन चेसच्या हवाली करते. तिच्या आई-वडिलांनी मुलीच्या रक्षणासाठी करवून घेतलेला तो प्राणी यानंतर त्याच्या मनाशी जोडला जातो, म्हणजे त्याचे दुःख रात्रंदिवस जाणणारा एक जीव त्याच्याजवळ राहतो. वारसा रक्ताच्या नात्याबाहेर असा प्रेमाने हस्तांतरित होण्याचा प्रसंग या प्रकारच्या कॉमिकमध्ये मी दुसरा वाचलेला नाही.

यानंतर चेस जे करतो ते अ‍ॅलेक्सच्या कृत्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. गर्टला परत आणता यावे म्हणून तो थेट त्याच गिबोरिमच्या दारात जातो आणि स्वतःचा प्राण द्यायला तयार होतो. ज्या वेदीपासून ही मुले पळाली, तिथेच प्रेमाने त्याला परत नेऊन उभे केले. अ‍ॅलेक्सने आपल्या माणसांसाठी इतरांचा हिशेब मांडला आणि चेसने स्वतःचा. तरीही चेस बरोबर होता असे मला म्हणता येत नाही, कारण एका जिवाच्या मोबदल्यात दुसरा जीव मिळतो, ही गिबोरिमची भाषा त्यानेही मान्य केलीच होती.

प्रतिसाद ४

विषय घर आणि प्रेम यांचा असल्यामुळे डीसीच्या ‘न्यू टीन टायटन्स’ या तरुण नायकांच्या चमूच्या मालिकेकडे गेल्याशिवाय राहवत नाही. १९८० साली मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी सुरू केलेल्या या मालिकेने हीच दोरी वीस वर्षे आधी ताणून पाहिली होती. तिथे जवळजवळ प्रत्येक तरुण नायकाच्या डोक्यावर बापाची सावली आहे. रेव्हन ही ट्रायगॉन या राक्षसी सत्तेची मुलगी. बापाविरुद्ध चमू उभा करण्यासाठी ती चमूतल्या वॉली वेस्टच्या मनात आपल्या शक्तीने प्रेम निर्माण करते, आणि हे उघड झाल्यावर त्याला आपल्या भावनांतले आपले किती आणि लादलेले किती हेच कळेनासे होते. चमूतलाच सायबॉर्ग ज्या अपघातानंतर अर्धा यंत्र बनला, त्याचे खापर तो वडिलांवर फोडत राहतो.

अ‍ॅलेक्सची थोरली बहीण शोभावी अशी तिथली व्यक्तिरेखा म्हणजे टेरा. १९८४ च्या ‘द जुडास कॉन्ट्रॅक्ट’मध्ये ती टायटन्सच्या शत्रूची, स्लेड विल्सनची, हेर असल्याचे उघड होते. चमूतल्या बीस्ट बॉयचे तिच्यावर प्रेम असते आणि ती ते वापरून घेते. पण त्या कथेच्या मुळाशीही घरच आहे. स्लेडचा मुलगा ग्रांट टायटन्सना संपवण्याची सुपारी घेऊन मेला, आणि मुलाचे अपुरे काम बाप पुरे करायला निघाला. त्याला अडवायला येतो तो त्याचाच दुसरा मुलगा, जोसेफ, आईला बरोबर घेऊन. एका मृत मुलावरची निष्ठा आणि एका जिवंत मुलाचा विरोध यांच्या मध्ये टेरा चिरडली जाते. स्लेडने तिच्याशी ठेवलेले संबंध तर आज वाचताना अंगावर येतात. वयाने एवढ्या लहान मुलीला खलनायिका म्हणण्यापूर्वी तिला हाताशी धरणाऱ्या प्रौढ माणसाला जाब विचारायला हवा होता, आणि कथा तो पुरेसा विचारत नाही. टायटन्स मात्र तिला आपल्यातलीच एक म्हणून पुरतात. आपल्याला फसवणाऱ्या मुलीच्या थडग्याशी उभा राहिलेला बीस्ट बॉय मला अ‍ॅलेक्सच्या मृत्यूनंतरच्या निकोपेक्षा अधिक जवळचा वाटतो.

टायटन्समधल्याच स्टारफायर या परग्रहावरच्या राजकन्येचेही उदाहरण इथे देतो. चमूचा नेता डिक ग्रेसन याच्यावर तिचे प्रेम आहे, पण पुढे वडिलांच्या सांगण्यावरून आणि टॅमरन ग्रहावर यादवी होऊ नये म्हणून ती तिथल्याच कॅरासशी लग्न करते. डिकला हे पटत नाही, वाचकालाही पटत नाही, आणि तिला आपण काही चुकीचे करत आहोत असे वाटत नाही. प्रेमाची किंमत कळत असतानाही कर्तव्य निवडणारी ही मुलगी बिचारी म्हणून रंगवलेली नाही, याचे श्रेय लेखकाला दिले पाहिजे.

धागालेखकाचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार.

पहिल्या प्रतिसादातील मुद्दा मला मान्य करावा लागतो. निकोला न विचारता तिच्यासाठी जग निवडणे आणि मुलीला न सांगता तिच्या हातात कडे घालणे, यांतले साम्य माझ्या नजरेतून सुटले होते. अ‍ॅलेक्सच्या प्रेमात खोट नव्हती, हे माझे मत अजून कायम आहे, पण खरे प्रेमही असे वागू शकते हे त्यासोबत लिहायला हवे होते.

चेसविषयीही चूक कबूल. मात्र चौथ्या प्रतिसादातील एका विधानाशी मी सहमत नाही. टेराला अ‍ॅलेक्सच्या शेजारी बसवता येत नाही. टायटन्सशी तिचे नाते तिच्या बाजूने कधी जुळलेच नव्हते आणि शेवटपर्यंत ती त्यांचा द्वेष करत राहिली. ती मूळपासून फितूर असावी, हे तिच्या निर्मात्यांनी आधीच ठरवले होते आणि तसे त्यांनी सांगितलेही आहे. अ‍ॅलेक्सने मात्र त्या मुलांना वाचवलेही होते. भिंतीच्या एका बाजूला मित्र आणि दुसऱ्या बाजूला घर असताना तो दोन्हीकडे जगला, आणि त्याच्या फितुरीतली वेदना त्यामुळेच दुहेरी आहे.

प्रतिसाद ५

कॅरोलिनाची गोष्ट कड्यापाशी थांबवू नये, अशी विनंती. या धाग्याच्या विषयाचा सर्वांत सुंदर विस्तार तिच्या वाट्याला आला आहे.

दुसऱ्या पर्वात ती निकोजवळ मन मोकळे करते आणि निको तिला नाकारते. त्याच दिवसांत झेव्हिन हा स्क्रल या परग्रहवासी जमातीचा राजपुत्र आकाशातून उतरतो आणि सांगतो की तू माझी वाग्दत्त वधू आहेस. कॅरोलिनाच्या आई-वडिलांनी पृथ्वीकडे वाकडी नजर वळू नये म्हणून आपल्याच मूळ ग्रहाचा पत्ता स्क्रलांना दिला होता आणि सौद्यात मुलगीही देऊन टाकली होती. परिणामी दोन ग्रहांत युद्ध पेटलेले आहे. ती म्हणते की मला मुली आवडतात. झेव्हिन रूप पालटू शकणारा आहे. तो स्त्रीचे रूप धारण करतो. युद्ध थांबावे म्हणून ती त्याच्याबरोबर निघून जाते, म्हणजे आई-वडिलांनी केलेले पाप फेडण्यासाठी ती लग्नाला उभी राहते. पण पुढे त्या नात्यात खरोखर प्रेम रुजते, आणि झेव्हिनसाठी ती सौद्यातली वधू राहत नाही.

तिसऱ्या पर्वात तिच्या मूळ ग्रहाचे वाचलेले लोक तिच्या दारात येतात. आई-वडिलांच्या गुन्ह्याची शिक्षा मुलीने भोगावी, अशी त्यांची मागणी असते. तेव्हा झेव्हिन कॅरोलिनाचे रूप घेऊन तिच्या जागी त्यांच्याबरोबर निघून जातो, आणि कॅरोलिनाला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आधी तिच्यासाठी रूप पालटले ते तिने आपल्याला स्वीकारावे म्हणून, आणि शेवटी रूप पालटले ते तिला मागे सोडता यावे म्हणून. डीन दांपत्याचे कर्ज ज्याने फेडले, त्याचा त्या घराशी संबंध एका सौद्यापुरताच होता.

निकोने नाकारलेले प्रेमही वाया जात नाही. २०१७ मध्ये रेनबो रोवेल आणि क्रिस अंका यांनी मालिका पुन्हा सुरू केली, तिच्यात निको आणि कॅरोलिना एकत्र येतात. ज्यांनी दुसरे पर्व त्या काळी अंकाअंकाने वाचले होते, त्यांना कित्येक वर्षांनी मिळालेले ते उत्तर होते.

धागालेखकाचे उत्तर

झेव्हिनचा हा प्रसंग वाचून मी तिसरे पर्व पुन्हा काढले आणि ती पाने सावकाश वाचली. अ‍ॅलेक्सनेही शेवटी दुसऱ्याचा दोष अंगावर घेतला होता, म्हणून मला दोघे सारखे वाटले होते. पण अ‍ॅलेक्स डाव फसल्यावर पुढे झाला, तर झेव्हिनने कुणाही तिसऱ्या माणसाला पणाला लावले नाही.

एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली, ती इथे नोंदवतो. पहिल्या पर्वाच्या अठराव्या अंकात प्राइड संपलेले आहे, कुणी त्यांच्या मागावर नाही, आणि उरलेल्या पाचही मुलांना वेगवेगळ्या ठिकाणी सोय करून सुखरूप ठेवलेले आहे. अन्न आहे, छप्पर आहे, देखरेख करणारी मोठी माणसे आहेत. पळून जाण्याचे पहिले कारण आता शिल्लक नाही. आणि तरीही ती एकमेकांना गाठतात आणि दुसऱ्यांदा पळतात. पहिल्यांदा ती घरापासून पळाली होती. या वेळी मॉलीला बरोबर घ्यायला कुणी विसरत नाही.